उतारवयात सेनानी झालेला सरदार

वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटेपर्यंत ज्याने शिपाईगिरीचा एक दिवसही अनुभवला नव्हता, ज्याचा सारा काळ जमीनजुमल्याची देखभाल, घोड्यांची पैदास, शिकार आणि नाजूक प्रकृतीच्या पत्नीची शुश्रूषा यांतच गेला होता, त्या माणसाने पुढे वीस वर्षे फ्रेंच फौजांशी तुलाँपासून हॉलंडपर्यंत झुंज द्यावी, बासष्टाव्या वर्षी एका टेकडीच्या पायथ्याशी फौज उलटी फिरवून हरत आलेली लढाई जिंकावी आणि पंचाण्णवाव्या वर्षी पूर्ण जनरलच्या हुद्द्यावर असताना देह ठेवावा, अशी हकीकत युरोपच्या लष्करी इतिहासात क्वचितच आढळेल. थॉमस ग्रॅहम, पुढे लॉर्ड लिनडॉक, याचे हे चरित्र आहे. वेलिंग्टनचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच्या हाताखाली लढलेल्या आणि वयाने त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी वडील असलेल्या या स्कॉटिश सरदाराची ओळख मात्र आपल्या वाचकांस फारशी नाही. ती व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण मनुष्य खरोखर मोठा होता आणि त्याचा मोठेपणा विजयांच्या यादीत मावणारा नव्हता.

स्कॉटलंडच्या मध्यभागी पर्थशायर नावाचा परगणा आहे. उत्तरेचे डोंगर आणि दक्षिणेचा सुपीक सखल मुलूख यांच्या सांध्यावर वसलेल्या या परगण्यातील बॅलगॉवनच्या जमीनदार घराण्यात १९ ऑक्टोबर १७४८ रोजी थॉमसचा जन्म झाला. वडील पिढीजात जमीनदार. आई लेडी क्रिश्चन होप ही होपटाउनच्या पहिल्या अर्लची कन्या. थोरले भाऊ बाळपणीच निवर्तल्यामुळे घराण्याचा वारसा या एकट्या मुलाकडे आला. घरी त्याला शिकवावयास ठेवलेल्या पंतोजींपैकी एक जेम्स मॅकफर्सन होता. प्राचीन गेलिक कवी ओशन याची म्हणून काव्ये प्रसिद्ध करून ज्याने साऱ्या युरोपात खळबळ उडवून दिली, तोच हा मॅकफर्सन. पुढे ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालय, त्यानंतर युरोप खंडाचा दीर्घ प्रवास, फ्रेंच व जर्मन भाषांचा अभ्यास, असा तत्कालीन उच्च कुलातील तरुणाचा ठराविक शिक्षणक्रम त्याने पुरा केला. १७७२ साली तो पर्थशायरमधून पार्लमेंटच्या निवडणुकीस उभा राहिला आणि अथॉलच्या ड्यूकच्या भावाकडून थोडक्या मतांनी पराभूत झाला. या पराभवाचे शल्य त्याने मनात ठेवले नाही, हे लवकरच दिसून आले.

दोनच वर्षांनी, २६ डिसेंबर १७७४ रोजी, त्याचा विवाह लॉर्ड कॅथकार्ट याची दुसरी कन्या मेरी हिच्याशी झाला. आणि त्याच दिवशी मेरीच्या थोरल्या बहिणीचा विवाह त्याच अथॉल घराण्याच्या तरुण ड्यूकशी होऊन कालचे प्रतिस्पर्धी घराणे नात्याने जवळचे झाले. मेरीचे वय तेव्हा अवघे सतरा. तिचे वडील रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीच्या दरबारी इंग्लंडचे वकील म्हणून होते, त्यामुळे तिच्या बालपणाची काही वर्षे सेंट पीटर्सबर्ग येथे गेली होती. विवाहानंतर थोड्याच काळात थॉमस गेन्सबरो या थोर चित्रकाराने तिचे पूर्णाकृती चित्र काढले, आणि १७७७ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. एका भव्य स्तंभाशी उभी असलेली, हातात शहामृगाचे पीस घेतलेली, नजर कडेला वळवून दूर कोठेतरी पाहणारी ही तरुणी ज्यांनी चित्रात पाहिली असेल, त्यांना ग्रॅहमच्या पुढील आयुष्याविषयी फारसे समजावून सांगावे लागत नाही.

पती म्हणून ग्रॅहम कसा होता याची एक हकीकत सांगितली जाते. एडिंबरो येथे एका मोठ्या नृत्यसमारंभास दोघे गेले असता मेरीच्या ध्यानात आले की दागिन्यांची पेटी घरीच राहिली. ग्रॅहमने नोकरास पाठविले नाही. तो स्वतः घोड्यावर बसला, वाटेत ठिकठिकाणी घोडे बदलीत सुमारे नव्वद मैलांची जाऊन येऊन दौड त्याने केली आणि समारंभाच्या वेळेपूर्वी पेटी पत्नीच्या हाती दिली. हकीकत लहानशी आहे, परंतु या पुरुषाच्या स्वभावाची किल्ली तीत आहे असे मी समजतो. जे काम महत्त्वाचे वाटे ते दुसऱ्यावर न सोपविता स्वतः जाऊन करावयाचे, आणि तेही ताबडतोब, ही त्याची आयुष्यभराची रीत होती. वतनी जमीनदाराच्या अंगी असलेली ही सवय पुढे सेनापतीच्या उपयोगी पडली, आणि एका प्रसंगी तिला वावच न मिळाल्याने त्याच्या पदरी अपयशही आले.

१७८७ साली त्याने बॅलगॉवनजवळच अल्मंड नदीकाठची लिनडॉकची जहागीर खरेदी केली आणि तेथे सुधारलेल्या शेतीचे प्रयोग चालविले. जातिवंत घोडे व गाईबैल त्याने बाहेरून आणले. बटाट्याची व सलगमची लागवड वाढविली. खेळाचीही त्याला तितकीच आवड. १७८५ च्या सप्टेंबरात अलोआजवळ शॉ पार्क येथे, म्हणजे त्याच्या सासुरवाडीच्या वाड्यापाशी, एक क्रिकेटचा सामना झाला. स्कॉटलंडात झालेल्या क्रिकेट सामन्यांत ज्याची पहिली नोंद सापडते तो हाच, आणि त्यात ग्रॅहम खेळला होता. क्रिकेटचे वेड असलेल्या आपल्या वाचकांस ही नोंद निश्चित आवडेल.

परंतु मेरीला क्षयाची बाधा होती. तिच्यासाठी ग्रॅहमने थंड स्कॉटलंड वारंवार सोडले. स्पेन, पोर्तुगाल आणि अखेर फ्रान्सचा दक्षिण किनारा, अशा उबदार हवेच्या मुलखांत तो तिला घेऊन राहिला. कशाचाही उपयोग झाला नाही. २६ जून १७९२ रोजी येरजवळच्या समुद्रात एका जहाजावर मेरीने प्राण सोडला. तिचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे होते, आणि त्यांना अपत्य नव्हते.

यानंतर जे घडले त्याने ग्रॅहमच्या आयुष्याची दिशाच पालटली. पत्नीचा देह स्कॉटलंडात नेऊन मातीस द्यावा म्हणून त्याने शवपेटी नावेत ठेवली आणि दक्षिण फ्रान्समधील कालव्याच्या मार्गाने तो बोर्दोकडे निघाला. फ्रेंच राज्यक्रांतीची धग त्या वेळी शिगेस पोहोचली होती. प्रत्येक परक्या प्रवाशाकडे संशयाने पाहिले जात होते. तुलूझजवळ झिंगलेल्या राष्ट्ररक्षकांच्या टोळीने नाव अडविली. हत्यारे वा निषिद्ध माल लपविला असावा या सबबीवर, ग्रॅहमच्या विनवणीस न जुमानता, त्यांनी शवपेटी फोडली. पंधरा-वीस दिवसांपूर्वी मरण पावलेल्या पत्नीचे शव त्या लोकांसमोर उघडे पडले. ग्रॅहम तोवर फ्रान्सचा आणि फ्रेंच भाषेचा चाहता होता. राजकारणात तो व्हिग पक्षाचा, फॉक्सचा अनुयायी, म्हणजे क्रांतीच्या आरंभीच्या आशांकडे सहानुभूतीने पाहणाऱ्यांपैकी होता. त्या दिवसानंतर तो क्रांतीचा कायमचा वैरी झाला.

मेरीला पर्थशायरमधील मेथ्व्हन येथील चर्चच्या आवारात बांधलेल्या समाधिगृहात पुरण्यात आले. गेन्सबरोच्या चित्राकडे पाहणे ग्रॅहमला असह्य झाले. त्याने ते बांधून नजरेआड ठेवून दिले आणि पुढील अर्धशतकभर ते तसेच राहिले. त्याने पुन्हा विवाह केला नाही.

दुःखाने खचलेला मनुष्य प्रवासास निघतो, तसा तो निघाला आणि १७९३ साली भूमध्य समुद्रात लॉर्ड हूडच्या आरमारास येऊन मिळाला. तुलाँ हे फ्रान्सचे नाविक ठाणे राजपक्षीयांनी इंग्रजांच्या हवाली केले होते आणि क्रांतिकारकांच्या फौजेने त्यास वेढा घातला होता. तेथे ग्रॅहम लॉर्ड मलग्रेव्ह याच्या दिमतीस स्वेच्छेने, बिनपगारी राहिला. एका चकमकीत जवळचा शिपाई पडताच त्याची बंदूक उचलून हा चव्वेचाळीस वर्षांचा सरदार त्याच्या जागी तुकडीच्या अग्रभागी उभा राहिला. मलग्रेव्हने आपल्या खलित्यात त्याची आवर्जून वाखाणणी केली. वेढा घालणाऱ्यांच्या तोफखान्यावर बोनापार्ट नावाचा एक तरुण कॉर्सिकन अधिकारी होता. दोघांचेही लष्करी जीवन खऱ्या अर्थाने त्याच वेढ्यात सुरू झाले, मात्र एकाचे चोविसाव्या वर्षी आणि दुसऱ्याचे पंचेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

स्वदेशी परतताच ग्रॅहमने १७९४ साली पर्थशायरमध्ये स्वखर्चाने एक पलटण उभी केली. हीच ९० वी पर्थशायर व्हॉलंटियर्स. या पलटणीच्या पाटलोणी करड्या रंगाच्या असत, त्यामुळे लोक तिला कौतुकाने ‘करड्या पाटलोणीवाले’ म्हणत. तिच्या पहिल्या अधिकाऱ्यांत रोलंड हिल नावाचा एक तरुण होता. पुढे तो लॉर्ड हिल होऊन इंग्लंडचा सरसेनापती झाला. त्याच वर्षी ग्रॅहम पर्थशायरतर्फे पार्लमेंटातही निवडून गेला आणि १८०७ पर्यंत ती जागा त्याच्याकडे राहिली.

येथे एक अडचण उभी राहिली, ती तत्कालीन लष्करी दप्तराच्या नियमांची. ग्रॅहमला पलटण उभारल्याबद्दल लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला खरा, परंतु तो तात्पुरता. खालच्या पायऱ्या न चढता वर आलेल्या माणसास कायम सनद द्यावयाची नाही, असा राजाचा आणि सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क याचा आग्रह होता. या नियमास अन्याय म्हणणे मला कठीण वाटते. पैशाच्या बळावर हुद्दे मिळविणाऱ्यांचा त्या सैन्यात सुळसुळाट होता आणि ड्यूक तो मोडू पाहत होता. तरी परिणाम असा झाला की सैन्यातील अत्यंत कर्तबगार माणूस पंधरा वर्षे उपऱ्यासारखा राहिला, आणि प्रत्येक नव्या मोहिमेत त्याला आपली लायकी नव्याने सिद्ध करावी लागली.

त्या पंधरा वर्षांतील सर्वांत विलक्षण प्रसंग इटलीतील आहे. १७९६ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर इंग्लंडचा लष्करी प्रतिनिधी म्हणून ग्रॅहम गेला असता बोनापार्टने वृद्ध सेनापती वुर्म्झर यास मांटुआच्या किल्ल्यात कोंडले, आणि ग्रॅहमही आत अडकला. मांटुआच्या तिन्ही बाजूंस तलाव आणि त्यापलीकडे दलदल. अन्न संपत आले, तापाची साथ पसरली. बाहेर असलेला ऑस्ट्रियन सेनापती अल्व्हिन्त्सी याला किल्ल्याची खरी अवस्था कळविणे प्राप्त होते. हे काम ग्रॅहमने अंगावर घेतले. २४ डिसेंबरच्या रात्री, पाऊस आणि बर्फाचा मारा चालू असताना, अंगावर एक झगा पांघरून आणि बरोबर एकच सोबती घेऊन तो किल्ल्याबाहेर पडला. अंधारात नाव वारंवार गाळात रुतली. कमरेइतक्या दलदलीतून वाट काढावी लागली. रात्री चालावयाचे आणि दिवसा फ्रेंच पहारेकऱ्यांपासून दडून राहावयाचे, असे करीत फ्रेंचांची हद्द ओलांडल्यावर त्याने घोडा मिळविला, आणि ४ जानेवारी १७९७ रोजी तो अल्व्हिन्त्सीच्या छावणीत दाखल झाला. त्याच्या श्रमाचे चीज झाले नाही. दहा दिवसांनी रिव्होली येथे अल्व्हिन्त्सीचा पराभव झाला आणि २ फेब्रुवारीस मांटुआ पडले. अठ्ठेचाळीस वर्षांचा, घरचा गर्भश्रीमंत मनुष्य दुसऱ्या देशाच्या फौजेसाठी त्या रात्री त्या दलदलीत का उतरला, याचे उत्तर केवळ सूडबुद्धीत सापडत नाही. सूडाने पेटलेला मनुष्य इतका थंड हिशेब करून, इतक्या संयमाने, शत्रूच्या वेढ्यातून वाट काढीत नाही. मला तर वाटते की तुलूझच्या त्या दिवसाने त्याला वैर दिले आणि मेरीच्या निधनाने मृत्यूविषयी बेफिकिरी दिली. परंतु त्या दोहोंना शिस्त लावणारी जी शक्ती होती ती त्याची स्वतःची, जन्मजात होती.

त्यानंतर मिनोर्का, मेसिना, माल्टा. माल्टाच्या राजधानीत फ्रेंच सेनापती व्होब्वा ठाण मांडून बसला होता. त्याच्याविरुद्ध उठलेल्या माल्टी शेतकऱ्यांच्या आणि लहानशा इंग्रज फौजेच्या बळावर ग्रॅहमने जमिनीवरील वेढा चालविला. १८०० च्या सप्टेंबरात उपासमारीने हैराण होऊन फ्रेंच शरण आले, तेव्हा मात्र वरिष्ठ हुद्द्याचा दुसरा सेनानी येऊन दाखल झालेला होता आणि शरणपत्र त्याच्या हाती पडले. तात्पुरत्या हुद्द्याची ही अशी फळे.

१८०८ साली सर जॉन मूर या आपल्या स्कॉटिश मित्राबरोबर तो स्पेनमध्ये गेला. नेपोलियनच्या प्रचंड फौजेपुढून कडाक्याच्या हिवाळ्यात डोंगर ओलांडून मूरने समुद्राकडे जी माघार घेतली तिचा शेवट १६ जानेवारी १८०९ रोजी कोरुन्याच्या लढाईत झाला. तोफेचा गोळा लागून मूर घोड्यावरून कोसळला तेव्हा जवळ आलेल्या ग्रॅहमने प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर वेदनेची रेषाही नव्हती. मग रक्त दिसताच तो वैद्यास आणण्यासाठी धावला. मूर त्याच रात्री गेला. ग्रॅहमला कायम हुद्दा मिळावा ही त्याची अंतिम इच्छा मान देण्याजोगी मानून ड्यूक ऑफ यॉर्कने आपला हट्ट सोडला आणि ग्रॅहमला मेजर जनरलचा कायम हुद्दा दिला. साठी उलटल्यावर ग्रॅहम प्रथमच रीतसर सेनानी झाला.

आता बारोसाच्या लढाईकडे वळू. ग्रॅहमची योग्यता समजून घ्यावयाची तर या एका लढाईचा तपशील पाहिला पाहिजे.

फ्रेंच मार्शल व्हिक्टर याने १८१० पासून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कादिझला वेढा घातला होता. स्वतंत्र स्पेनची प्रतिनिधिसभा याच शहरात भरत असे, म्हणून ते राखणे अत्यावश्यक होते. तेथील इंग्रज फौजेचे आधिपत्य ग्रॅहमकडे होते. १८११ च्या आरंभी ठरले की समुद्रमार्गे फौज दक्षिणेस उतरवून वेढा घालणाऱ्यांच्या पाठीवर घाव घालावयाचा. मोहिमेचे नेतृत्व स्पॅनिश सेनापती ला पेन्या याजकडे होते आणि सलोख्यासाठी ग्रॅहमने त्याच्या हाताखाली जाणे पत्करले. रात्रभर चालून दमलेली फौज ५ मार्चला बारोसाच्या टेकडीपाशी पोहोचली तेव्हा ला पेन्याने ग्रॅहमला टेकडी सोडून पुढच्या पाइनच्या वनातून किनाऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला. ग्रॅहमला तो पटला नव्हता. परंतु तो पाळला.

वनात शिरल्यावर थोड्या वेळाने बातमी आली की व्हिक्टरने पाठीमागून हल्ला केला आहे आणि स्पॅनिशांनी टेकडी सोडून दिली आहे. व्हिक्टरजवळ सात हजारांच्या आसपास अनुभवी शिपाई होते; ग्रॅहमजवळ पाच हजार. वनात लांब ओळीने पसरलेल्या फौजेवर टेकडीवरून शत्रू तुटून पडला असता तर कत्तल अटळ होती. ग्रॅहमने वरिष्ठाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्याने फौज तेथल्या तेथे मागे फिरविली आणि टेकडी परत घेण्यासाठी चाल केली. सैन्य नीट रांगेत उभे करण्यास वेळ हवा होता आणि तो वेळ रक्तानेच विकत घ्यावा लागणार होता, म्हणून त्याने मेजर ब्राउनच्या पाचशेच्या वर माणसांना, एकट्यांनाच, सरळ चढणीवर पाठविले. ब्राउन गाणे गात आपल्या लोकांपुढे चालला. फ्रेंचांच्या पहिल्या फैरीत सुमारे दोनशे माणसे आणि निम्मे अधिकारी आडवे झाले. उरलेल्यांनी झुडपांचा व खाचखळग्यांचा आश्रय घेऊन गोळीबार चालू ठेवला, पण मागे हटले नाहीत. तेवढ्यात डिल्क्सच्या पलटणी दुसऱ्या बाजूने वर चढल्या, आणि खाली मैदानात व्हीटलीच्या पलटणींनी दुसऱ्या फ्रेंच डिव्हिजनला रोखले. तेथे ८७ व्या आयरिश पलटणीने फ्रेंचांच्या ८ व्या पलटणीवर संगिनींचा हल्ला चढविला, आणि सार्जंट मास्टर्सन याने त्यांचा गरुडध्वज हिसकावून घेतला. इंग्रजांनी रणांगणात जिंकलेला हा पहिला फ्रेंच गरुड. ग्रॅहम स्वतः दोन्ही बाजूंस धावत होता. त्याचा घोडा त्याच्याखाली मारला गेला. दीड तासात व्हिक्टरची फौज मागे रेटली गेली. फ्रेंचांची दोन हजारांहून अधिक माणसे पडली, त्यांचे दोन सेनानी प्राणघातक जखमी झाले. इंग्रजांचीही बाराशेच्या सुमारास माणसे मारली गेली वा जखमी झाली.

ला पेन्याची फौज जवळच, एका हाकेच्या अंतरावर, स्वस्थ उभी होती. तिने कुमक पाठविली नाही, पराभूत शत्रूचा पाठलाग केला नाही, आणि वेढा उठविण्याची संधी वाया गेली. संतापलेला ग्रॅहम आपली फौज घेऊन कादिझच्या बेटावर परतला. स्पॅनिश प्रतिनिधिसभेने त्यास स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या उमरावाचा किताब देऊ केला असता त्याने तो नम्रपणे नाकारला. ज्या लढाईनंतर वेढा कायम राहिला तिच्याबद्दल किताब स्वीकारणे त्याच्या मानी स्वभावास मानवले नसते. लंडनच्या पार्लमेंटने आभाराचा ठराव केला आणि शेरिडनसारख्या वक्त्याने त्याच्या शौर्याची तोंड भरून स्तुती केली.

ज्या ८७ व्या पलटणीने तो गरुड जिंकला तिचे नेतृत्व ह्यू गॉफ या आयरिश अधिकाऱ्याकडे होते. हा गॉफ पुढे हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेचा सरसेनापती झाला, आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर येथे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या फौजेशी त्याचा रक्तरंजित सामना झाला. त्या लढाईत शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांपाशी उभे राहून मरण पत्करले. बारोसाच्या विजयी पलटणीचा नायक मराठी फौजेपुढे उभा ठाकला त्याच महिन्यात त्याचा जुना सेनापती निवर्तला होता.

१८११ च्या उत्तरार्धात ग्रॅहम वेलिंग्टनच्या मुख्य फौजेत दुसऱ्या क्रमांकाचा सेनानी म्हणून दाखल झाला. ज्या वेळी ग्रॅहमला कायम हुद्दाही मिळालेला नव्हता, त्या १८०३ साली वेलिंग्टनने आपल्याकडे असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध आपले नाव कमावले होते. आता हा वयोवृद्ध स्कॉट त्याच्या हाताखाली काम करीत होता, आणि दोघांत कधी तेढ आल्याचे दिसत नाही. सियुदाद रोद्रिगोचा किल्ला घेतल्यावर ग्रॅहमला नाइट केले गेले. परंतु प्रखर उन्हात तासन्‌तास दुर्बीण लावून त्याचे डोळे इतके बिघडले की १८१२ च्या उन्हाळ्यात त्याला मायदेशी जावे लागले. १८१३ साली तो परत आला आणि दुर्गम डोंगरांतून डावी बगल नेण्याचे अवघड काम त्याने केले. २१ जूनला व्हितोरियाच्या लढाईत बायोनकडे जाणारा राजरस्ता त्याने तोडला, म्हणून जोसेफ बोनापार्टच्या फौजेला आपल्या साऱ्या तोफा आणि खजिना टाकून आडवाटेने पळावे लागले. येथे त्याने पूल ओलांडून अधिक जोर लावला असता तर फ्रेंच फौज समूळ नष्ट झाली असती, अशी टीका काही युद्धशास्त्रज्ञ करतात, आणि तिच्यात तथ्य आहे. बारोसाचा चपळ ग्रॅहम व्हितोरियास फार सावध झालेला दिसतो.

सान सेबास्तियानच्या वेढ्यात २५ जुलैचा पहिला हल्ला फसला. ३१ ऑगस्टच्या दुसऱ्या हल्ल्यात तटाला पाडलेल्या खिंडारात माणसे थबकून मरू लागली तेव्हा ग्रॅहमने, तोफखान्याच्या अधिकाऱ्यांशी मसलत करून, आपल्याच शिपायांच्या डोक्यांवरून तटावर तोफा डागण्याचा हुकूम दिला. त्या काळी असा हुकूम देणे म्हणजे फार मोठे धाडस होते. अचूक माऱ्याने तटावरील फ्रेंच हटले, एका दारूच्या साठ्याचा स्फोट झाला आणि शिपाई आत घुसले. परंतु त्यानंतर त्या शिपायांनी शहराची जी लूट, जाळपोळ व अत्याचार केले त्यांचे डाग इंग्रजी फौजेच्या नावावरून आजही पुसले गेलेले नाहीत, आणि सेनापती म्हणून ग्रॅहमच्या चरित्रातूनही ते वगळता येत नाहीत. ऑक्टोबरात बिदासोआ नदी ओलांडून फौज फ्रान्सच्या भूमीवर उतरल्यावर त्याने आपले आधिपत्य सर जॉन होप याजकडे, म्हणजे आपल्या मामेभावाकडे, सोपविले.

१८१४ साली हॉलंडात ८ मार्चच्या रात्री बेर्गेन-ऑप-झोमच्या किल्ल्यावर त्याने हल्ला केला. रात्रीच्या अंधारात चार तुकड्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी तट चढून आत शिरावयाचे होते. तुकड्या शिरल्या; परंतु आतील सेनानींना एकमेकांचा ठावठिकाणा लागेना. दोन सेनानी प्राणास मुकले, फ्रेंचांनी दिवस उजाडताच उलट हल्ला केला आणि इंग्रजांचे पुष्कळ शिपाई कैद झाले. ग्रॅहम किल्ल्याबाहेर होता. आतील गोंधळ सावरण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नव्हते. जेथे तो स्वतः जाऊ शकत असे तेथे त्याचे सेनापतित्व अजोड होते. त्या रात्री सारा भरवसा दुसऱ्यांवर टाकावा लागला आणि तो भरवसा फुकट गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याला बॅरन लिनडॉक ही उमरावी मिळाली. उमरावीबरोबर देऊ केलेली दोन हजार पौंडांची वार्षिक नेमणूक मात्र त्याने घेतली नाही. १८१५ साली लंडनमध्ये युनायटेड सर्व्हिस क्लब स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला. युद्ध संपल्यावर अर्ध्या पगारावर शहरात विखुरलेल्या अधिकाऱ्यांना भेटावयास, जेवावयास आणि एकमेकांची चौकशी करावयास हक्काची जागा असावी, हा त्यामागील हेतू होता. पंधरा वर्षे सैन्यात उपरा म्हणून राहिलेल्या माणसाने सैनिकांचे घर उभारावे, हे मला त्याच्या कोणत्याही लढाईइतकेच महत्त्वाचे वाटते.

पुढील जवळजवळ तीस वर्षे त्याने म्हातारपणास दाद दिली नाही. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. तरी तो इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी असा फिरत राहिला, घोड्यांच्या शर्यती लावीत राहिला, ऐंशी ओलांडल्यावरही शिकारीस जात राहिला. १८४२ साली व्हिक्टोरिया राणी पहिल्यांदाच स्कॉटलंडला आली तेव्हा तिला मुजरा करण्यासाठी हा त्र्याण्णव वर्षांचा सरदार युरोप खंडातून तातडीने एडिंबरोस आला. १८ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमधील आपल्या घरी त्याचा अंत झाला आणि मेथ्व्हनच्या समाधिगृहात, एक्कावन्न वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीशेजारी, त्याला ठेवण्यात आले.

अपत्य नसल्याने लिनडॉकची उमरावी त्याच्याबरोबरच संपली आणि जमीनजुमला नात्यातील रॉबर्ट ग्रॅहम याजकडे गेला. या रॉबर्टने १८५९ साली गेन्सबरोचे ते चित्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयास दिले, मात्र ते स्कॉटलंडबाहेर कधीही जाऊ नये या अटीवर. आज ते एडिंबरो येथे पाहावयास मिळते. ९० वी पलटण १८८१ साली कॅमेरोनियन्समध्ये विलीन झाली. आणि ऑस्ट्रेलियात, १८३७ साली, स्पेनच्या युद्धात लढलेल्या कर्नल विल्यम लाइट याने दक्षिण ऑस्ट्रेलियाची मोजणी करताना एका दरीला लिनडॉकचे आणि शेजारच्या डोंगररांगेला बारोसाचे नाव दिले. लिहिणाऱ्याच्या हातून वर्ण बदलले, ते तसेच रूढ झाले, आणि आज द्राक्षांच्या मळ्यांसाठी साऱ्या जगात प्रसिद्ध असलेल्या बरोसा दरीचे नाव त्यातूनच आले.